ब्लॉक घेताना गाठीची कड सोडू नका

मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा रिपोर्ट हातात आला की आधी स्टेज बघितली जाते: गाठ भिंतीत किती खोल गेली, लिम्फ नोड्समध्ये पोचली का. पण स्टेज तीच असूनही एकाचा आजार उलटतो, दुसऱ्याचा उलटत नाही. हा फरक बराचसा गाठीत शिरलेल्या टी पेशींवरून (शरीराच्या प्रतिकारशक्तीच्या पेशी) कळतो, हे फ्रान्समधले संशोधक जेरोम गॅलाँ यांच्या गटाने २००६ साली दाखवलं. नुसती संख्या पुरत नाही, पेशी कुठे आहेत तेही तितकंच महत्त्वाचं.

म्हणून इम्युनोस्कोरमध्ये, म्हणजे या पेशी मोजून आजार उलटण्याचा धोका सांगणाऱ्या चाचणीत, दोन स्टेन (पेशी ओळखू येण्यासाठी दिलेले रंग) आणि दोन जागा. सीडी३ सगळ्या टी पेशी दाखवतो, सीडी८ त्यातल्या मारक पेशी. दोन्ही मोजायच्या गाठीच्या मध्यभागी आणि जिथे गाठ निरोगी ऊतीत घुसते त्या कडेला. चार घनता मिळतात. प्रत्येकीचा पर्सेंटाइल (इतर रुग्णांच्या तुलनेत शंभरातला क्रम) काढून सरासरी घ्यायची: २५ पर्यंत कमी, ७० च्या वर जास्त, उरलेला मध्यम. २०१८ च्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात २,६८१ रुग्ण होते. त्यातल्या पहिल्या गटात पाच वर्षांत आजार उलटण्याचं प्रमाण जास्त स्कोरला ८ टक्के, मध्यमला १९ आणि कमीला ३२ होतं.

घोळ होतो तो बहुतेक ब्लॉकमध्ये, म्हणजे ज्यातून स्लाइड्स कापतात त्या मेणात बसवलेल्या गाठीच्या तुकड्यात. गाठीच्या पोटातूनच तुकडा घेतला तर कड येतच नाही आणि चारातले दोन आकडे हातचे जातात. कोलोनोस्कोपीच्या बायोप्सीचंही तेच, ती वरवरची असते. गाठ सगळ्यात खोल गेली आहे तिथला, पलीकडच्या चरबीसकट ब्लॉक घ्या. काही स्लाइड्समध्ये तपकिरी ठिपके (रंगलेल्या टी पेशी) कडेला मुंग्यांच्या रांगेसारखे दाटलेले असतात आणि आत ग्रंथींमध्ये जवळजवळ काहीच नसतं. असा ब्लॉक कडेवाचून वाचला तर चित्रच बदलतं. मृत ऊती, म्युकसची तळी, स्लाइडवरच्या घड्या आणि शेजारच्या निरोगी भिंतीतले लिम्फॉइड पुंजके (तिथे नेहमीच असणारे प्रतिकारपेशींचे) मोजणीतून हाताने वगळा. संगणकावर सोडलं तर आकडा चुकतो.

गुदाशयाच्या कॅन्सरमध्ये आधी रेडिएशन झालं असेल तर काढलेल्या गाठीवरचा आकडा मूळ स्थिती सांगत नाही. तिथे उपचारापूर्वीच्या बायोप्सीसाठीची वेगळी पद्धत वापरतात.

आणि स्कोर जास्त आला म्हणून तिसऱ्या स्टेजला केमो टाळू नका. केमोचा फायदा जास्त स्कोर असलेल्यांमध्येच अधिक ठळक दिसला आहे.