मंडळाचे वार्षिक संमेलन आणि जुन्या ब्रिटिश मोटारसायकली

जुन्या ब्रिटिश मोटारसायकली बाळगणाऱ्यांच्या आमच्या मंडळाचे वार्षिक संमेलन कार्यक्रमपत्रिकेप्रमाणे उद्घाटनाने सुरू होत असे. खरी सुरुवात मात्र त्याच्या कितीतरी आधी, गाड्या चालू करण्याच्या खटपटीने झालेली असे. माझ्याकडे बीएसए या ब्रिटिश कंपनीची एम २० होती. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैन्याने मोठ्या संख्येने वापरलेली, सुमारे ५०० सीसीची, एका सिलिंडरची साइड-व्हॉल्व्ह, म्हणजे व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूला असलेली गाडी. तिची आराधना ठरलेली होती. पेट्रोलचा कॉक उघडायचा, ॲमल कार्ब्युरेटरचा टिकलर, म्हणजे जादा पेट्रोल सोडणारे छोटे बटण, बोटाला ओल लागेपर्यंत दाबायचा, हँडलवरच्या लिव्हरने स्पार्क मागे घ्यायचा, म्हणजे ठिणगी जरा उशिरा पडेल असे करायचे, दुसऱ्या लिव्हरने व्हॉल्व्ह उचलून दट्ट्या वरच्या टोकाच्या जरासा पुढे आणायचा आणि मग किक थेट खालपर्यंत न्यायची. स्पार्क मागे घ्यायला विसरलेल्याचा घोटा किकच्या उलट्या तडाख्याने चांगला शेकून निघे, आणि भोवतीच्या मंडळींना कळवळ्याआधी हसू येई.

गाड्या ओळीने लागल्या की प्रत्येकीच्या इंजिनाखाली पुठ्ठा सरकवला जाई. ट्रायम्फच्या जुन्या ट्विन, म्हणजे दोन सिलिंडरच्या इंजिनांत दोन्ही दट्टे एकाच वेळी खाली येतात, त्यामुळे क्रँककेसमधला, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पेटीतला दाब वाढतो आणि तेल पुशरॉडच्या (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यांच्या) नळ्यांच्या बुडाशी वाट शोधते. तरीही आपल्या गाडीचा पुठ्ठा कोरडा असल्याचे दरवर्षी कोणीतरी छातीठोकपणे सांगत असे, आणि मग तो पुठ्ठा नुकताच बदलला आहे का, याची रीतसर चौकशी होई. सिलिंडर आणि त्याच्या डोक्यामध्ये बसणारे तांब्याचे हेड पॅकिंग लालबुंद तापवून पाण्यात बुडवले की पुन्हा मऊ होते, हे मी अशाच एका संमेलनात शिकलो. एका ज्येष्ठ सभासदाने सांडशीत धरलेले ते कडे चर्रकन पाण्यात सोडले, पुसले आणि बोटांनी सहज वाकवून दाखवले. त्यांच्यासारखे शिकवणारे मला पुढे क्वचितच भेटले.

व्हिटवर्थ, म्हणजे जुन्या ब्रिटिश मापाचे पाने उसने मागणे हा संमेलनातला आणखी एक अखंड उद्योग. या पान्यांवरचे माप नटाच्या डोक्याचे नसून बोल्टच्या दांड्याचे असते, त्यामुळे नव्या सभासदाची पहिली दुपार हमखास चुकीचा पाना लावण्यात जाई. सुट्या भागांची देवाणघेवाणही तिथेच चाले. ट्रायम्फचा इंग्लंडमधील मेरिडनचा कारखाना कामगारांच्या सहकारी संस्थेने कसाबसा तगवला, पण १९८३ मध्ये तोही बंद पडला, आणि त्यानंतर सतरंजीवर मांडलेल्या एखाद्या वापरलेल्या मॅग्नेटोभोवती (ठिणगीसाठी वीज तयार करणाऱ्या भागाभोवती) सराफाच्या पेढीवर जमावी तशी गर्दी जमू लागली.

भाषणे आणि सत्कार दरवर्षी व्हायचे. त्यांतले फारसे आठवत नाही.

शेवटी सामुदायिक फेरी निघे. सर्वांत संथ गाडी पुढे, असा नियम असल्यामुळे बहुधा माझी एम २० आघाडीवर असे आणि मागे ट्रायम्फ बॉनव्हिल व नॉर्टन कमांडो बाळगणारी मंडळी क्लच दाबून दाबून मेटाकुटीस येत. नियम बदलावा, असा ठराव ते दरवर्षी मांडत, आणि संथ गाड्यांचे मालक बहुसंख्य असल्यामुळे तो दरवर्षी फेटाळला जाई.