कणकुंबीच्या रानात दोन फोन

ऑक्टोबरात मी आणि माझा मावसभाऊ कणकुंबीला दोन दिवस हिंडून आलो. परत आल्यापासून ओळखीतले बरेच जण एकच विचारतात, "रानात न्यायला फोन कुठला घेऊ?" आमच्याकडे दोन अगदी वेगळे फोन होते आणि दोन्ही एकाच वाटेवरून चालले, म्हणून सविस्तर लिहिते.

बेळगावहून जांबोटीमार्गे चोर्ला घाटाकडे जाताना कणकुंबी लागतं. इथे माउलीचं देऊळ आहे आणि मलप्रभेचा उगम आहे. मलप्रभा इथून पूर्वेला निघते, कूडलसंगमला कृष्णेला मिळते आणि शेवटी बंगालच्या उपसागराला जाते. याच खानापूर तालुक्यात उगम पावणारी म्हादई मात्र पश्चिमेला वळते आणि गोव्यात मांडवी होते. जवळजवळ शेजारी जन्मलेल्या दोन नद्या दोन समुद्रांना जातात. ओढा दिसला की हे पाणी कुठल्या बाजूचं, हे बघत आम्ही हिंडलो.

जायच्या आधी वन खात्याकडे चौकशी कराच. भीमगड अभयारण्य २०११ साली जाहीर झालं आणि आजूबाजूचं बरंचसं रान राखीव आहे. पावसाळ्यात धबधब्यांकडे जायला बंदी घालतात. आम्ही परवानगी काढली आणि गावातल्या एका काकांना बरोबर घेतलं. या दोन गोष्टी नसतील तर पुढचं सगळं वाचून उपयोग नाही.

आता फोन. भावाचा नवा, माझ्या फोनच्या दुप्पट किमतीचा, कॅमेऱ्यासाठी घेतलेला. माझा मधल्या किमतीचा, पण घेताना मी एकच हट्ट धरला होता: उपग्रहाचे एल-१ आणि एल-५ हे दोन्ही संदेश पकडणारा हवा. उघड्या माळावर याने काही फरक पडत नाही. पठारावर नकाशात दोघांचे ठिपके एकाच जागी होते. फरक पडला दाट झाडीत, नाल्याच्या उतारावर. तिथे उपग्रहाचा संदेश झाडांवर आणि कातळावर आपटून, वळसा घेऊन फोनपर्यंत येतो, आणि फोनला वाटतं आपण जरा पलीकडे आहोत. एल-५ चा संदेश थेट आलेला आणि आपटून आलेला यांतला फरक जास्त बारकाईने ओळखू देतो. एका ठिकाणी भावाचा फोन आम्हाला नाल्याच्या पलीकडे दाखवत होता आणि आम्ही अलीकडे उभे होतो. संध्याकाळी नोंदी जुळवल्या तर माझ्या फोनने ९.४ किलोमीटर चाल दाखवली, त्याच्या फोनने ११.८. त्याची रेघ सारखी इकडेतिकडे उड्या मारत होती आणि त्या उड्याही अंतरात धरल्या गेल्या. दमलेल्या माणसाला "अजून किती राहिलं" याचं चुकीचं उत्तर मिळणं ही लहान गोष्ट नव्हे.

दुकानात हे कसं तपासायचं? खोक्यावर 'जीपीएस' सगळ्यांच्याच असतं. 'जीपीएसटेस्ट' नावाचं फुकट ॲप आहे. ते घालून फोन दुकानाबाहेर, मोकळ्या आकाशाखाली दोन-तीन मिनिटं धरा. यादीत एल-१ च्या जोडीला एल-५ किंवा ई-५ए (युरोपच्या उपग्रहांचा तसाच संदेश) दिसलं पाहिजे.

दुसरी तपासायची गोष्ट होकायंत्र. स्वस्त फोनांत ते बऱ्याचदा नसतं आणि दुकानदारालाही ठाऊक नसतं. ते नसेल तर नकाशावरचा बाण तुम्ही चालत असताना बरोबर फिरतो, पण थांबलात की तुमचं तोंड कुठे आहे हे त्याला कळत नाही. नेमकं दुफाट्यावर आपण थांबतो! माझ्या आधीच्या फोनात होकायंत्र नव्हतं. राजहंसगडाच्या उतारावर धुक्यात मी प्रत्येक फाट्यावर वीस पावलं जाऊन परत येत होते. तेव्हाच ठरवलं की पुढचा फोन होकायंत्र बघूनच घ्यायचा. दुकानात नकाशा उघडा आणि उभ्या जागी गोल फिरा. बाणही फिरला तर ठीक.

नकाशे घरूनच उतरवून घ्या. त्यासाठी ऑरगॅनिक मॅप्स किंवा ओस्मअँड, दोन्ही ॲप चालतात. कर्नाटकाच्या जोडीला गोवा आणि महाराष्ट्राचेही नकाशे घ्या, कारण चोर्ल्याच्या अंगाला तीन राज्यांच्या हद्दी लागून आहेत आणि हद्दीपाशी नकाशा कोरा पडला तर पंचाईत होते. गावांची नावं बऱ्याचदा कानडीत किंवा इंग्रजीत दिसतात. त्यासाठी आपल्या खुणा आपण मराठीतच टाकाव्यात. काका ज्या जागेला जे म्हणत होते तेच नाव मी टाकत गेले: पाणवठा, मोठा सडा, खिंड. पुढच्या वेळी वाट विचारताना गावकऱ्यांना तीच नावं कळतात.

जीपीएसला रेंज लागत नाही. पण फोन बराच वेळ बंद असेल आणि इंटरनेट नसेल, तर उपग्रह कुठे आहेत ही माहिती त्याला थेट उपग्रहाकडूनच घ्यावी लागते. ती फार सावकाश येते आणि झाडीखाली अर्धवट तुटते. म्हणून देवळासमोरच्या उघड्या जागेत ठिपका पक्का बसू द्या, मगच रानात शिरा. त्यानंतर फोन विमान मोडवर टाका. रेंज शोधत राहिलेला फोन बॅटरी पितो, आणि हद्दीवर तर तो या टॉवरवरून त्या टॉवरवर उड्या मारत असतो. १०,००० एमएएचच्या पॉवर बँकेतून ५,००० एमएएचचा फोन दोनदा भरत नाही, साधारण सव्वा ते दीड वेळा भरतो. हा हिशोब धरूनच निघा.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाऊस आला. ऑक्टोबर असला तरी या भागात तो येतो. ओल्या काचेवर बोट चालेना, नकाशा मोठा करायला गेले की भलतंच काहीतरी उघडत होतं. यावर उपाय साधा: स्वच्छ सुती रुमाल वरच्या खिशात, आणि फोटोसाठी आवाजाचं बटण. पाण्यापासून बचावाचा आयपी-६७ हा दर्जा म्हणजे एक मीटर खोल साध्या पाण्यात अर्धा तास, तेही फोन नवा असताना. भावाचा फोन भिजून बंद पडला नाही, पण चार्जिंगच्या भोकात ओल आहे म्हणून रात्री आठपर्यंत चार्ज होईना. माझा फोन साध्या प्लास्टिकच्या पाऊचमध्ये होता.

फोटोंच्या बाबतीत मात्र भावाचा फोन सरस ठरला, हे मान्य करते. झाडीत उजेड कमी असतो. तिथे कॅमेऱ्याचा मोठा सेन्सर आणि हात हलला तरी सावरून घेणारं भिंग याचाच उपयोग होतो. दोनशे मेगापिक्सेलच्या आकड्याला भुलू नका. असे फोन एरवी सोळा-सोळा ठिपके एकत्र करून साडेबारा मेगापिक्सेलचाच फोटो देतात. धनेश टिपायचा असेल तर तिप्पट तरी खरा ऑप्टिकल झूम हवा, नाहीतर नुसता काळा ठिपका मिळतो. कुडा, बुरशी, बेडूक यांच्यासाठी माझाही फोन पुरेसा होता.

म्हणून पैसे मोजकेच असतील तर माझं मत स्पष्ट आहे: आधी वाट दाखवणारा फोन, मग कॅमेरा. दोघं असाल तर दोन वेगळे फोन न्या आणि वाटेची नोंद दोन्हींवर ठेवा.

अडचण आली तर ११२. तुमच्या कंपनीची रेंज नसली तरी दुसऱ्या कंपनीची असेल तर हा फोन लागू शकतो. विमान मोड काढून उंचावर जा आणि आपल्या जागेचे अक्षांश-रेखांश वाचून दाखवा. खानापूरच्या या रानात अक्षांश १५ ने आणि रेखांश ७४ ने सुरू होतो. दशांशानंतर चार आकडे सांगितले की साधारण अकरा मीटरपर्यंत जागा कळते. आयफोनवरच्या उपग्रह-मदतीच्या भरवशावर इथे राहू नका.

नकाशाचंही सगळं खरं मानू नका. एका फाट्यावर दोन्ही फोन डावीकडे दाखवत होते. काका थांबले. "वाट हाय ताई, पण यंदाच्या पावसात खचली. आता तिकडनं कोण जात नाही." आम्ही उजवीकडून गेलो, अर्धा तास जास्त लागला.

निघताना मी त्यांना वाटेची नोंद दाखवली. त्यांनी बोटाने दोन खुणा दाखवल्या, देवाची राई आणि वरचा पाणवठा, आणि म्हणाले, "एवढं दोन कुणाला पाठवू नका. गर्दी झाली की पाणी राहत नाही." एसटीची वाट बघत मी त्या दोन्ही खुणा पुसल्या. नोंद हवी असेल त्यांना उरलेली पाठवेन.