बूटला आपोआप आयपी, भाग ३: यूडीएचसीपीसीशी झटापट

मागच्या भागापर्यंत माझा छोटा लिनक्स बोर्ड बूट व्हायचा पण आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) दर वेळी हातानं टाकावा लागायचा. आता बिझीबॉक्समधलाच (छोट्या लिनक्स कमांडचा एकत्र संच) यूडीएचसीपीसी, म्हणजे राउटरकडून आपोआप आयपी मागून घेणारा प्रोग्रॅम, लावलाय, वेगळं काही टाकायला जागाच नाहीये.

पहिली अख्खी संध्याकाळ एकाच गोष्टीत गेली. सिरियल कन्सोलवर चक्क दिसतंय की १९२.१६८.१.३७ ची लीज (ठरावीक मुदतीपुरता मिळालेला पत्ता) मिळाली, लीज टाइम ८६४०० सेकंद, आणि आयएफकॉन्फिग ही पत्ता दाखवणारी कमांड मारली तर ईथ झिरो या नेटवर्क इंटरफेसला पत्ताच नाही! राउटरच्या यादीत बोर्ड आहे पण पिंग जात नाही. केबल बदलली, पोर्ट बदलला, राउटर बंद-चालू करून झाला. मग कळलं की हा यूडीएचसीपीसी बाबा स्वतः पत्ता लावतच नाही, तो फक्त राउटरशी बोलतो आणि मिळालेला आयपी, सबनेट, डीएनएस वगैरे व्हेरिएबलमध्ये भरून डिफॉल्ट डॉट स्क्रिप्टला हाक मारतो, पुढचं सगळं त्या स्क्रिप्टनं करायचं. आणि माझ्या स्क्रिप्टला एक्झिक्यूट परमिशनच नव्हती. इंटरफेस मी आधीच अप केलेला होता म्हणून लीज तेवढी मिळत होती. एक सीएचमॉड (परमिशन बदलणारी कमांड) मारलं आणि झालं, बोला आता.

दुसरी भानगड बूट अडकण्याची. केबल नसेल तर यूडीएचसीपीसी लीज मिळेपर्यंत तिथेच बसून राहतो. मायनस बी हा पर्याय दिला की ३ डिस्कव्हर (आयपी देणाऱ्याला शोधणारी पॅकेट), प्रत्येकी ३ सेकंद, आणि मग बॅकग्राउंडला. मला ते ९ सेकंदही जास्त वाटले म्हणून २ डिस्कव्हर, १ सेकंद असं केलं, तर उलटंच, केबल असूनही आयपी उशिरा यायला लागला, कारण लिंक वर यायलाच दोनेक सेकंद लागतात, तोवर दोन्ही पॅकेट वाया आणि पुढचा प्रयत्न थेट २० सेकंदांनी. मायनस कॅपिटल ए देऊन ती वाट ५ वर आणली, आता ठीक चाललंय.

मायनस क्यू मात्र देऊ नका! प्रोसेसची यादी आटोपशीर दिसावी म्हणून मी दिलं होतं. त्यानं लीज मिळाल्यावर क्लायंट, म्हणजे यूडीएचसीपीसी, बंदच होतो, मग रिन्यू कोण करणार? लीज संपली तरी बोर्ड त्याच पत्त्यावर ठाण मांडून, आणि राउटरनं तोच पत्ता फोनला देऊन टाकला. एसएसएच (दुरून बोर्डवर केलेलं लॉगिन) मध्येच तुटायचं, कधी लागायचं कधी नाही, दोन दिवस डोकं खाल्लं.

आता उरलंय घड्याळ. बोर्डला आरटीसी (वीज गेली तरी चालत राहणारं घड्याळ) नाही, त्यामुळे नेटवर्क येईपर्यंत लॉगमध्ये सगळं १९७० सालचं. एनटीपी (नेटवर्कवरून वेळ जुळवणं) त्या डिफॉल्ट डॉट स्क्रिप्टच्या बाउंड भागातूनच, म्हणजे लीज मिळाल्यावर चालणाऱ्या भागातून, सुरू करून बघतो.