आत्याचा बंद फ्लॅट आणि रात्री अकराचा ई-सर्च

गेल्या महिन्यात रविवारी दुपारी आत्याच्या बोरिवलीच्या सोसायटीतून वॉचमनचा फोन आला, "ताई, एजंट एका पार्टीला घेऊन आलाय, फ्लॅट बघायचाय बोलतो, चावी तुमच्याकडेच आहे ना?" आत्या तीन वर्षं झाली पुण्याला मुलाकडे असते, फ्लॅट बंद. तिला लगेच फोन लावला तर म्हणाली, "अगं, विकायचा असता तर तुला नसतं का सांगितलं आधी?" मी कांदिवलीहून रिक्षा करून पोचेपर्यंत दोघं निघून गेलेले. पण वॉचमनने पाहिलं होतं, एजंटकडे अ‍ॅग्रीमेंटची झेरॉक्स होती, त्यावर आत्याचं नाव, फ्लॅट नंबर, सगळं बरोबर.

ती झेरॉक्स कुठून गेली हे आठवायला बसले आणि मला घामच फुटला. जुना भाडेकरू, लिव्ह अँड लायसन्स करून देणारा एजंट, गॅस कनेक्शन, रीडेव्हलपमेंटच्या मीटिंगला जमा केलेला सेट. सगळ्यांकडे अ‍ॅग्रीमेंट आणि सोबत आधार, पॅन. एका झेरॉक्सवरही "फक्त अमुक कामासाठी" असं लिहिलेलं नाही, तारीख नाही.

मला आजवर वाटायचं की रजिस्ट्रेशन ऑफिसमध्ये कुणीतरी बघतच असेल ना खरा मालक कोण ते. तर नाही बघत. दुय्यम निबंधक, म्हणजे दस्त नोंदवून घेणारा अधिकारी, पाहतो की स्टॅम्प ड्युटी भरली का, समोरच्याने ओळखपत्र दिलं का, सही केल्याचं कबूल केलं का, साक्षीदार आहेत का. फोटो आणि अंगठा घेतात, पण जो समोर उभा आहे त्याचा. खोटं आधार घेऊन दुसरीच बाई आत्या म्हणून उभी राहिली तर फोटो त्या बाईचा लागणार. मालकी तपासणं हे निबंधकाचं काम नाही, हे २०२५ मध्ये तामिळनाडूच्या एका प्रकरणात सुप्रीम कोर्टानेही सांगितलंय. म्हणजे लक्ष आपणच ठेवायचं.

त्याच रात्री अकरा वाजता नोंदणी विभागाच्या साइटवर बसले. ई-सर्च म्हणून सोय आहे, एखाद्या जागेचे कुठले दस्त नोंदले गेलेत ते फुकट शोधता येतं. जिल्हा मुंबई उपनगर टाकायचा आणि मग गाव, आणि इथेच माणूस अडकतो, कारण बोरिवलीतली सगळी जागा बोरिवली गावातच असेल असं नाही, आत्याची बिल्डिंग एक्सर गावात आहे, पूर्वेला मागाठाणे वगैरे. गाव आणि सीटीएस नंबर (प्लॉटचा सिटी सर्व्हे नंबर) अ‍ॅग्रीमेंटच्या शेवटी शेड्यूलमध्ये असतात तिथून घ्या. एकेक वर्ष वेगळं शोधावं लागतं, आणि सीटीएसवर अख्ख्या प्लॉटचे दस्त येतात त्यामुळे आपला फ्लॅट नंबर डोळ्यात तेल घालून बघावा लागतो. प्रत्येक ओळीत विकणारा, घेणारा, तारीख आणि शेवटी इंडेक्स टू, म्हणजे दस्ताचा नोंदणीतला गोषवारा. सीटीएस नंबरच्या पुढे अ, ब असेल तर तसंही टाकून बघा, टाइप करणाऱ्याने वेगळं लिहिलेलं असतं. पहाटे दीडला खात्री झाली की आत्याच्या नावाने काही झालेलं नाही, तेव्हा कुठे झोप लागली. आता दर महिन्याच्या एक तारखेला बघते, मोबाइलवर रिमाइंडरच लावलाय.

दुसऱ्या दिवशी सोसायटीत सेक्रेटरी काकांना पत्र दिलं आणि पोचवर शिक्का घेतला, की या फ्लॅटची एनओसी, डुप्लिकेट शेअर सर्टिफिकेट किंवा ट्रान्सफर मागायला कुणी आलं तर आत्याशी व्हिडिओ कॉलवर बोलल्याशिवाय पुढे जायचं नाही. विक्रीला सोसायटीची एनओसी कायद्याने लागतेच असं नाही, पण घेणाऱ्याला लोन हवं असेल तर बँक सहसा मागते, आणि तिथे हे पकडलं जाऊ शकतं.

सगळ्यात जास्त भीती मला त्या, आपल्या वतीने व्यवहार करायचा अधिकार देणाऱ्या, पॉवर ऑफ अ‍ॅटर्नीची वाटली. आत्याने पूर्वी रिपेअरिंगच्या वेळी एका ओळखीच्या माणसाला दिली होती आणि विसरून गेली होती! ती रद्द केल्याचा दस्त रजिस्टर केला, त्या माणसाला स्पीड पोस्टाने नोटीस, एक कॉपी सोसायटीला. तुमच्या घरच्यांनी कुणाला दिली असेल तर आजच विचारा, विशेषतः आईवडील गावी किंवा परदेशात राहत असतील तर.

पेपरातल्या जाहीर नोटिसा पण वाचत जा, नवशक्तीत रोज असतात, बारीक अक्षरात. "मूळ करारनामा हरवला आहे, हरकत असल्यास १४ दिवसांत कळवावे" अशी आपल्याच फ्लॅटची नोटीस दिसली तर त्याच दिवशी वकिलामार्फत लेखी हरकत घ्या.

आणि खोटा दस्त झालेला सापडलाच तर निबंधक ऑफिसात जाऊन तो फाडून मिळत नाही, त्यासाठी दिवाणी कोर्टात जावं लागतं. पोलिसात तक्रार लगेच करायची, शिवाय कोर्टात दावा लावला की त्याची लिस पेंडन्सची, म्हणजे या जागेवर दावा चालू असल्याची, नोटीस रजिस्टर करायला वकिलाला सांगायचं, म्हणजे पुढच्या घेणाऱ्याच्या सर्चमध्ये ते येतं.

आत्याचं ओरिजिनल अ‍ॅग्रीमेंट आणि शेअर सर्टिफिकेट लोखंडी कपाटात साड्यांखाली होतं, त्याच बंद फ्लॅटमध्ये. परवा ती पुण्याहून आली, दोघी जाऊन बँकेच्या लॉकरमध्ये ठेवून आलो.