ताम्हिणीत हूड फाटला आणि श्रीवर्धनात चिकटवला

जुलैत आम्ही तिघं जुनी जीप घेऊन पुण्याहून निघालो, पौड, मुळशी, ताम्हिणी, माणगाव, म्हसळा करत श्रीवर्धन आणि दुसऱ्या दिवशी बागमांडल्याच्या जेट्टीवरून फेरीबोटीने वेसवी, पुढे केळशी असा बेत होता. घाटात चहासाठी थांबलो, निघताना रिव्हर्स घेतला आणि टपरीच्या पत्र्याचा कोपरा हूडमध्ये, म्हणजे जीपच्या कॅनव्हासच्या छतात, असा घुसला की टर्रर्र आवाज आतपर्यंत आला. मागच्या सीटच्या बरोबर वर एल आकारात फाटलं, लांबीला वीतभर. चूक माझीच, मागे बघायला कोणी उतरलंच नव्हतं.

आता ताम्हिणीचा पाऊस म्हणजे काय ते सांगायला नको. पॅकिंगची ब्राऊन टेप लावली, ओल्या कापडावर ती दोन मिनिटं पण टिकली नाही. मग मित्राने खिशातली इन्स्टंट ग्लूची ट्यूब काढली. हे प्लीज करू नका. सुती कॅनव्हासवर तो ग्लू पडला की चटका बसेल इतका गरम होतो आणि नंतर ती जागा पापडासारखी कडक होते, घडी पडली की मोडते. शेवटी टपरीवाल्या दादांनी खताची रिकामी गोणी दिली ती सुतळीने वरून आवळली. माणगावला पंक्चरवाल्याकडे ट्यूबचा तुकडा सोल्युशन लावून चिकटवला, तो म्हसळ्यापर्यंत सुटून वाऱ्यावर फडफडत होता. सोल्युशनचा दोष नाही, कापड ओलं होतं. ओल्या कॅनव्हासला काहीही लावा, सुटणारच.

खरं काम श्रीवर्धनला झालं. जिथे उतरलो त्या काकूंच्या पडवीत हूड काढून पसरला, आधी फडक्याने टिपला आणि मग जुनं धोतर मधे ठेवून इस्त्री फिरवली (तुमचा कॅनव्हास मेणाचा असेल तर इस्त्री नको, मेण वितळतं). हे सुकवणंच तासभर चाललं, मधे लाइट गेली ते वेगळं. पॅच स्टेपनीच्या कव्हरमधून कापला, कापड तेच, जाडी तीच. चारी बाजूंनी तीन बोटं जास्त आणि कोपरे गोल, चौकोनी कोपरा आधी उचकटतो. फाटलेल्या कडा काकूंच्या पोती शिवायच्या दाभणाने आणि जाळ्याच्या नायलॉन दोऱ्याने सैलसर टाचून घेतल्या. घट्ट ओढलंत तर कापड चुण्या धरतं आणि पॅच सपाट बसत नाही.

चिकटवायला हार्डवेअरमधून फेविकॉल एसआर आणला, कुशनवाले वापरतात तो पिवळसर. पांढरा नको, तो लाकडाचा, पावसात विरघळतो. कापडाला आणि पॅचला दोन्हीकडे पातळ हात, पहिला हात कॅनव्हास पिऊन टाकतो म्हणून वाळल्यावर दुसरा. मग थांबायचं, आणि इथेच सगळे घाई करतात. एरवी १०-१५ मिनिटं पुरतात, कोकणातल्या दमट हवेत आम्हाला अर्धा तास लागला. बोट टेकवलं की चिकट लागलं पाहिजे पण बोटाला यायला नको. आणि पॅच टेकवताना नीट बघून, एकदा बसला की सरकत नाही. आधी आतून एक, मग बाहेरून एक, मधून कडेकडे दाबत. दाबायला लाटणं मागितलं तर काकू म्हणाल्या, "लाटणं? डिंकाला? अजिबात मिळायचं नाही हो!" मग बाटली फिरवली आणि रात्रभर वर जांभ्याचा चिरा ठेवला. वास उग्र असतो, चुलीपासून लांब बसा, आणि हूडच्या पारदर्शक प्लॅस्टिकच्या खिडकीवर थेंब पडू देऊ नका, डाग जात नाही.

ताडपत्रीसारखा गुळगुळीत पीव्हीसी हूड असेल तर मात्र एसआर फार दिवस धरत नाही, त्याचं सोल्युशन वेगळं मिळतं, नाहीतर ताडपत्रीवाल्याकडून मशीनवर गरम करून जोडून घ्या.

दुसऱ्या दिवशी जेट्टी पार करून केळशीपर्यंत पाऊस होता, आत थेंब नाही. जेट्टी पावसाळ्यात चालू आहे का ते निघायच्या आधी फोन करून विचारा. परतताना वाऱ्याने एक कोपरा नखाएवढा उचलला होता, घरी येऊन त्याच्यात थोडा एसआर भरला आणि कुशनवाल्याकडून कडेने एक टीप मारून घेतली, त्याने आमचा पॅच उलटासुलटा करून बघितला आणि काहीच बोलला नाही.

काकूंचा दाभण चुकून डॅशबोर्डच्या खणात राहिलाय, दिवाळीच्या आधी कोणी श्रीवर्धनला जाणार असेल तर सांगा.