बेंदराचा बैल

उद्या बेंदूर, म्हणून आज बालवाडीत पाट्या बाजूला ठेवल्या आणि कुंभार गल्लीतून आणलेली माती पोरांच्या पुढ्यात ओतली. शाळा सुरू झाल्यापासून एक शब्दही न बोललेला चार वर्षांचा पोरगा पाय मोजून मोजून बैल करत होता. अचानक म्हणाला, "बाई, ह्येचा पाय दुखतोय. ह्येला बसवूया."

डोळे भरून आले माझे. बोली, मोजणी, माया, बोटांची ताकद, सगळं एकदम आलं की! १९४५ मध्ये बोर्डीला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आसपासच्या वस्तूंतूनच बालशिक्षण उभं केलं, ते हेच.

घ्यायला आलेल्या आईनं विचारलं, "लिहायला कधी शिकवणार?" तिला खिडकीत वाळत ठेवलेला तो बसका बैल दाखवला.