तारीख मीच पुढे ढकलली

मी फिजिओथेरपिस्ट आहे. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांबरोबर काम करते. युगांडातल्या एका पुनर्वसन केंद्रात सहा महिने स्वयंसेवक म्हणून जायचं ठरलं, तेव्हा बिनपगारी रजा मिळणंच कठीण जाईल असं वाटलं होतं. ती लगेच मिळाली. अडलं ते त्यानंतर.

आधी पोलिस क्लिअरन्स, म्हणजे माझ्या नावावर गुन्हा नाही असा पोलिसांचा दाखला. पासपोर्टवर पत्ता साताऱ्याचा, मी राहते कोथरूडला भाड्याने. मुंढव्याच्या पासपोर्ट सेवा केंद्रात कागद दाखवून झाले, पण पोलिस पडताळणीत चालू भाडेकरार मागितला. आमचा अकरा महिन्यांचा करार नुकताच संपलेला आणि घरमालक काका लेकीकडे अमेरिकेत. नव्या करारावर मालकाचा अंगठा लागतो, तो तिथून कसा घेणार?

त्याच सुमारास लसींचा घोळ झाला. युगांडातल्या केंद्राने दिलेल्या यादीत गोवर-गालगुंड-रुबेला होती, ती मी एका दवाखान्यात घेतली. मग पीतज्वराच्या लसीसाठी गेले, तर तिथल्या डॉक्टर म्हणाल्या, "आता चार आठवडे थांबा." दोन्ही लसी जिवंत विषाणूंच्या. एक तर एकाच दिवशी घ्यायच्या, नाहीतर मध्ये चार आठवडे जाऊ द्यायचे. हे आधी कुणीच सांगितलं नव्हतं. पिवळ्या कार्डाशिवाय, म्हणजे पीतज्वराची लस घेतल्याच्या दाखल्याशिवाय, युगांडाच्या व्हिसाचा अर्ज पुढे सरकत नाही, आणि ते कार्डसुद्धा लस घेतल्यावर दहा दिवसांनी लागू होतं. म्हणजे निघायची तारीख हातची गेल्यातच जमा.

आणि मग बाबा अंगणात घसरून पडले. मनगट मोडलं. प्लास्टर होऊन ते घरी आले, आईही ठीक होती, पण मी मात्र कोलमडले. झोप उडाली. पहाटे उठून पोर्टलवर अर्जाची स्थिती बघायची, ती कालचीच असायची. दुपारी एखाद्या मुलाचा पाय ताणून धरलेला असताना डोक्यात भाडेकरार चालू असायचा. माझं लक्ष हातातल्या पायावर नाही, हे जाणवलं तेव्हा मी खरी घाबरले. याच कामासाठी तर निघाले होते.

नातेवाइकांचे फोन वेगळेच. "कधी निघतेस गं?" आत्या मायेनेच विचारायची, पण दरवेळी पोटात गोळा यायचा. शेवटी आईलाच सांगितलं, कुणी विचारलं तर तूच बोल, मला फोन देऊ नकोस. तिने ते निभावलं, अगदी आत्यालासुद्धा.

पण सुटका झाली ती एका ईमेलने. तोवर मी केंद्राला "होईल, जमेल" असंच कळवत होते. एका रात्री सगळं खरं लिहिलं: लसीचं, पडताळणीचं, बाबांचं. दोन महिने उशिरा आले तर चालेल का, हेही विचारलं. उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं. चालेल, उलट तेव्हा शाळा सुरू असतील, मुलं जास्त असतील. वाचून मी ऑफिसच्या जिन्यात बसून रडले. अडचणी होत्या तेवढ्याच राहिल्या, पण आता एकेक करून उरकता येत होत्या.

घरमालक काकांच्या भावाकडे त्यांच्या वतीने व्यवहार करायचं कुलमुखत्यारपत्र निघालं. एजंट लॅपटॉप आणि अंगठ्याचं यंत्र घेऊन घरी आला, करार नोंदवला गेला, पडताळणी झाली. बाबांचं प्लास्टर निघेपर्यंत शनिवार-रविवार साताऱ्याला गेले. त्यांच्या बोटांचे व्यायाम मीच घेतले, आणि खरं सांगते, त्या दिवसांत मला सगळ्यात जास्त आधार त्याचाच वाटला.

चार आठवडे झाल्यावर पुन्हा लसीला. एका कुपीत अनेक डोस असतात आणि उघडलेली कुपी काही तासांत संपवावी लागते, म्हणून माणसं जमेपर्यंत सगळे बाकावर बसलो होतो. शेजारी जहाजावर निघालेला एक कोल्हापूरचा मुलगा होता. दुसऱ्या कुठल्या लसी बाकी आहेत का, असं मी त्याला विचारलं, आणि टोचून घ्यायच्या आधी डॉक्टरांना सगळी यादी दाखव म्हटलं. तो लगेच उठून आत गेला.

दहा दिवस उलटल्यावर व्हिसाचा अर्ज भरला. परवा मंजुरी आली. आता मलेरियाच्या गोळ्या आणि तिकीट एवढंच बाकी आहे.